खाटेच्या ओळीवरचा हशा

अकोला,
२३ फेब्रुवारी २०२५

दादा, जय भीम.

तुमच्या अल्बमला पुण्याच्या त्या वेबसाइटनं पाचपैकी अडीच तारे दिले, हे वाचून मला बरं वाटलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला उगाच आशा नको.

फोनवर तुला ब्लॉक केलंय आणि ते तसंच राहणार आहे. तिथं काही लिहिलं की तू लगेच उत्तर देतोस, वर तीन हसरे चेहरे चिकटवतोस. पत्राला निदान पोस्टमन लागतो. तेवढ्या वेळात माझा राग नीट मुरतो.

अल्बम मी ऐकलेला नाही. ऐकणारही नाही. पण सातव्या गाण्यात शिवमनं ड्रम सोडून खंजिरी धरलीय, ती सुरेख वाजते. मोझरीच्या भजनात बापासोबत घालवलेलं लहानपण वाया गेलं नाही म्हणायचं. 'विनाथांबा'मध्ये मात्र वरच्या पट्टीत तुझा आवाज चिरकतो. पोरगी मूर्तिजापूरची, पोरगा अमरावतीचा, आणि हा शहाणा बसतो विनाथांबा बसमध्ये आणि तिच्या गावावरून तसाच पुढे जातो, ही कल्पना चांगली आहे. हे सगळं मला वर्गातल्या मुलांनी सांगितलं. अकरावी-बारावीची मुलं भौतिकशास्त्र सोडून बाकी सगळं मन लावून ऐकतात.

परीक्षणं वाचली. ती वाचायला बंदी नाही. पुण्याचा माणूस विचारतो, अल्बमच्या 'राजापेठ ते रतनलाल' या नावातला हा रतनलाल कोण? अकोल्यात येऊन कोणत्याही रिक्षावाल्याला रतनलाल प्लॉट विचार म्हणावं. पुढे म्हणतो, सिंथ जुन्या काळातून उसना आणलाय, आणि 'जेवली काय' हे गाणं हसावं की रडावं हेच ठरवू शकत नाही. अमरावतीच्या पेपरानं 'कूलर बॅन्डची गगनभरारी' असा मथळा दिला आणि फोटो नऊ जणांचा छापला. तुम्ही तिघं. ते नऊ कोणत्या ऑर्केस्ट्रातले आहेत, देव जाणे. आणि ऐकणाऱ्यांचं तर विचारूच नकोस. एक लिहितो, 'काळजाला हात घातला भाऊ.' त्याच्या खालचा लिहितो, 'याले गानं म्हनते काय बे?' तिसऱ्याला डीजे व्हर्जन पाहिजे.

आता मुद्द्याचं. 'जेवली काय' अल्बमवर का आहे?

मी मागच्या जूनमध्ये तुला सांगितलं होतं की ते गाणं कुठंही वाजवायचं नाही. अमरावतीत राजापेठेच्या त्या कार्यक्रमात मी ते म्हटलं तेव्हा लोक हसले होते. खाटेच्या ओळीवर तर पूर्ण हॉल हसला. ते शब्द मायचे होते, दादा. मी पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हा ती फोनवर जे बोलायची तेच आपण जसंच्या तसं उचललं होतं. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि आपल्याच गावातले लोक तिच्या बोलण्यावर दात काढत होते. आपली बोली ऐकली की लोकांना विनोदच आठवतो. तिच्यात कोणी रडू शकतं हे आपल्याच माणसांना पटत नाही. मी स्टेजवरून उतरले ती उतरलेच. तू मात्र माझ्या जागी गायला पायलला घेऊन ते रेकॉर्ड केलंस.

गाणं आपण दोघांनी लिहिलं. मी नाही म्हटलं तर ते सगळीकडून उतरवावं लागतं, हे मी चौकशी करून ठेवलंय. मार्च संपेपर्यंत तू स्वतः काढ. नाहीतर मी काढायला लावीन.

माया

अकोला,
९ मार्च २०२५

दादा, जय भीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यासारखं. तू लिहितोस, 'लोक वाईट नाही हसत, माया.' चांगलं हसणं आणि वाईट हसणं यातला फरक स्टेजवर उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. तुझ्या हातात गिटार होती. तुला लपायला जागा होती.

सोबत मुंबईच्या एका समीक्षकाचं परीक्षण छापून पाठवते आहे. वाच. हा एकटा माणूस निघाला ज्याला गाणं कळलं. तो 'जेवली काय'ला अल्बमचा आत्मा म्हणतो. ग्रामीण मातेचा दबलेला आक्रोश, असं त्यानं लिहिलंय. हे वाचून मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी ते मावशीलाही वाचून दाखवलं. जाईमावशी बाहेर पापड वाळत घालत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ग्रामीन कोन वं? तुही माय तं स्कुटीवर फिरे. पंचायत समितीत सिनियर क्लार्क होती थे."

मी म्हटलं, "मावशी, तसं नसतं ते. भावनेचं असतं."

"असन," ती म्हणाली आणि पापड उलटायला लागली.

त्यानं खाटेच्या ओळीवर एक पूर्ण परिच्छेद लिहिलाय. 'घरी आठवन नाही करत कोनी तुही, तुह्या बापानं तं तुही खाट बी इकून टाकली.' यात त्याला दारिद्र्य दिसलं. मुलीच्या शिक्षणासाठी घरातली खाट विकणारा बाप. आता, खाट विकली नव्हती हे आपल्याला माहीत आहे. तू आजही तिच्यावर झोपतोस. पण कलेत थोडं इकडंतिकडं होतंच.

बाबांचं मात्र मावशीनं फोनवर ऐकलं आणि मला ऐकवलं. एसटी वर्कशॉपमधले त्यांचे जुने सोबती चहाच्या टपरीवर त्यांना धरून विचारतात म्हणे, "श्रावणराव, पोट्टीची खाट काहून इकली हो? आमाले सांगतलं असतं." बाबा रोज खुलासा करतात. आणि परतवाड्याच्या भगवंतमामांनी तर कमाल केली. कोणाच्या तरी मोबाईलवर गाणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नवीकोरी खाट टेम्पोत घालून अमरावतीला दारात हजर! बाबा म्हणाले, न्या परत. मामा म्हणाले, "भाऊजी, लाजू नोका. भाचीची खाट हाय थे, मामाचा हक्क हाय." शेवटी ती उतरवून घ्यावी लागली आणि आता ती गच्चीवर आहे, असं कळलं.

मावशी हे सांगताना हसून हसून भिंतीला टेकली. मी हसले नाही.

कॉलेजात त्या गाण्याच्या रील्स फिरताहेत. मागच्या बाकावर तीन मुली मोबाईल मधे ठेवून ओढणीत तोंड लपवून हसत होत्या. मी मोबाईल काढून घेतला. त्यातली एक उठली आणि म्हणाली, "मॅडम, माही माय बी अशीच बोलते." मी तिला बस म्हणाले आणि लेन्सचं सूत्र फळ्यावर उलटं लिहिलं.

गाणं काढ.

माया

अकोला,
३१ मार्च २०२५

दादा,

आज मुदत संपली. तू काही काढलं नाहीस, आणि पत्रात तर तो विषयच टाळलास. अमरावतीच्या उन्हावर दीड पान लिहिलंयस. ऊन इथेही आहे.

गाणं उतरवायला लावणारा मेल लिहून तयार आहे. अजून पाठवला नाही, कारण पेपर तपासायचे आहेत. दोन दिवस कॉलेजचं नेटही गेलं होतं. घरचं नेट चालू आहे हे तुला मावशी सांगेलच, म्हणून मीच सांगते.

मुंबईवाल्याच्या परीक्षणाखाली आता लोक मायसाठी रडताहेत. एका बाईनं लिहिलंय, 'बिच्चारी आई.' मला आनंद व्हायला हवा होता. मी ते दोन-तीनदा वाचलं. आपल्या मायला बिच्चारी म्हणालेलं तिला खपलं असतं का, एवढंच मनात आलं. एकदा बँकेतला कारकून तिला 'अहो आजी' म्हणाला होता, तेव्हा तिनं त्याचं काय केलं ते आठव.

दहा तारखेच्या आत पाठवते.

माया

अकोला,
२१ एप्रिल २०२५

दादा, जय भीम.

पंखा फुल आहे, कूलर नुसताच घरघरतोय, खोली तापलेलीच आहे, आणि तरी मला कालपासून थंडगार वाटतंय. सगळं सांगते. मधे कुठे रागावले तर सवयीनं रागावले समज.

मायच्या ऑफिसातल्या साधनाकाकू तुला आठवत असतील. तिच्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. त्यांच्या भाचीचं लग्न काल इथे अकोल्यात होतं. मावशीला आणि मला अगत्याचं बोलावणं होतं. मी साडी नेसून, परीक्षा द्यायला निघाल्यासारखं तोंड करून गेले, कारण लग्नात डीजे असणार आणि डीजे काय वाजवेल याचा भरवसा नव्हता.

जेवणं उरकली, नवरी निघायची वेळ झाली. नवरी रडायला लागली, तिची आई रडायला लागली, नवऱ्याचा मित्र गाडीच्या आरशात केस नीट करत होता. आणि डीजेवाल्यानं 'जेवली काय' लावलं. तुमचं नाही, कोणीतरी चाल दुप्पट वेगानं पळवून बनवलेलं. पायलचा आवाज पार चिमणीसारखा झालेला.

'पंखा लावजो अन् पांघरून बी घेजो.' पुढच्या रांगेतल्या बायका खुसखुसल्या. मग खाटेची ओळ आली. आणि दादा, पूर्ण मांडव हसला. नवरीची आई रडता रडता हसली. नवरीनं नाक पुसलं आणि बापाला म्हणाली, "बाबा, माही खाट इकसान तं पाहा." बापानं तिला जवळ घेतलं. ती हसतच गाडीत बसली.

सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं? साधनाकाकू. पदर तोंडाला, डोळ्यांतून पाणी, बाजूच्या बाईच्या पाठीवर थापा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मायची मैत्रीण! मी उठून सरळ त्यांच्यापुढे उभी राहिले.

"काय वं माया, तोंड काहून पाडून राहिली?"

"काकू, तुम्ही माझ्या मायवर हसताय."

"मंग कोनावर हासू?" त्या म्हणाल्या. "तिच्यावरच तं हासत आलो आमी जिंदगीभर. बस इथं."

मी बसले नाही. त्यांनी हाताला धरून बसवलं.

"तुले मालूम हाय काय, खाटीचं थे वाक्य कुठी तयार झालं? माह्या टेबलावर. सकायी आली का पयले मले सांगे. म्हने, 'साधना, आज पोट्टीले सांगतो का बापानं तुही खाट इकली. कसं वाटते?' मी म्हनलं, 'थे रडन वं.' तं म्हने, 'नाही रडत. पयले चिडन, मंग हासन.'"

मी विचारलं, "म्हणजे ती ठरवून बोलायची?"

"मंग? तू पुन्याले गेली अन् रोज रडे. घरी ये म्हनलं तं शिक्षन जाते, राय म्हनलं तं पोट्टी रडते. मंग हिनं हे काढलं. दुपारी डब्याच्या टायमाले तुले फोन लावे, अन् आमी सगये आपापले डबे घेऊन तिच्या टेबलापाशी. साहेब बी दारात उभे राहत. थे फोनवर बोले अन् आमी तोंडात पदर कोंबून बसो. फोन ठेवला का आमच्याकडं पाहे अन् म्हने, 'हासली.' येवढंच. मंग डबा उघडे."

"आणि मी नाही हसले तर?"

"तं डबा तसाच घरी जाय."

दादा, मला तिथंच आठवलं. मी हसायचे! हॉस्टेलच्या जिन्यात बसून, उशी तोंडावर दाबून हसायचे. खाट विकली म्हणाली तेव्हा मी खरंच भांडले होते, 'अगं, मला न विचारता कशी विकली?' आणि ती म्हणाली होती, 'गिऱ्हाईक चांगलं होतं.' वॉर्डनबाई वरून ओरडायच्या, घरच्या फोनवर कोणी एवढं हसतं का. हे सगळं मी कुठं टाकून दिलं होतं? ती गेल्यावर तिचं जे जे बोलणं मनात यायचं, ते भिजूनच यायचं. गाणं करायला बसलो तेव्हा तू जलद चाल घेऊन आला होतास आणि मी म्हटलं होतं, लाज नाही वाटत, मायचं गाणं आहे. तू चाल संथ केलीस. माझ्यासाठी केलीस, हे मला काल कळलं.

राजापेठेचा तो हॉल मायवर हसला नव्हता. माय जिथं हसवायची तिथंच बरोबर हसला होता. इतकी संथ, रडकी चाल असूनही तिचं वाक्य लागू पडलं, म्हणजे बाई किती पक्की होती बघ!

मी मांडवात रडले, पण हे रडणं वेगळं होतं. साधनाकाकूंनी मला जिलेबी खायला लावली. मावशी लांबून बघत होती. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "मले वाटलं तुले मालूम होतं."

मुंबईच्या समीक्षकाचं मला वाईट वाटतं. माणूस मनापासून रडला, पण चुकीच्या दारात. आणि पुण्याच्या त्या अडीच तारेवाल्याला माझ्याकडून अर्धा तारा. हसावं की रडावं हे गाण्याला ठरवता येत नाही, असं तो म्हणाला होता. शंभर टक्के खरं आहे. तक्रार म्हणून लिहिलं, तेवढंच चुकलं.

मेल मी पुसून टाकला. तुझा नंबर मोकळा केलाय. पण आज फोन करू नकोस, मला अजून थोडं एकटीनं हसायचंय.

तुझीच,
माया

अकोला,
४ मे २०२५

दादा, जय भीम.

फोनवर इतकं बोललो, तरी हे कागदावरच सांगायचं ठेवलं. फोनवर तू मधे मधे 'हो ना, हो ना' करतोस आणि मला पुढचं सुचत नाही.

तुमच्या अकोल्याच्या कार्यक्रमात 'जेवली काय' मी म्हणणार. पायलशी बोलले. मला वाटलं होतं ती दुखावेल. ती म्हणाली, "ताई, घे बाप्पा तुहं गानं. त्या गान्यावर मले दर वेळी रडायचं तोंड करा लागते, गाल दुखतात." तिच्या आवाजात मला काही खोट दिसत नाही. अल्बमवरचं तिचं गाणं तसंच राहू दे. ज्यांना त्यावर रडायचंय त्यांनी रडावं, त्यांनाही ते लागत असेल.

पण स्टेजवर चाल तुझी, ती पहिली, जलद. शिवमला ड्रम नको म्हण, खंजिरी घेऊ दे. सिंथ फक्त सुरुवातीला, फोनची रिंग वाजल्यासारखा, मग बंद.

बाबा पहिल्या रांगेत बसणार. खाट विकली नाही असा उभं राहून खुलासा करायचा त्यांचा विचार आहे, असं कळलं. करू दे. भगवंतमामांनाही बोलवलंय, ते काय घेऊन येतील याची मला धास्ती आहे. साधनाकाकू ऑफिसातल्या सगळ्यांना घेऊन येताहेत. रिटायर झालेले साहेबसुद्धा. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या तिघी येणार आहेत. त्यांचा मोबाईल मी परत केला.

पाठांतराची भीती नाही, सुराची नाही. मला एकाच गोष्टीची धाकधूक आहे, म्हणून हे पत्र. खाटेच्या ओळीनंतर वाजवणं थांबव. किती मात्रा ते मोजू नकोस. माझ्याकडे बघत राहा. लोक हसायला लागतील, आणि ते हसून होईपर्यंत पुढची ओळ मी घेणार नाही. कोणी काही वाजवायचं नाही. शिवमला सवय आहे जागा दिसली की भरायची, त्याला बजावून ठेव.

आणि तुझ्या मनात येईल, एवढं थांबलो आणि कोणी हसलंच नाही तर?

हॉस्टेलच्या फोनवर मी कधी कधी हट्टानं हसायची नाही. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू यायचं नाही. मग माय तेच वाक्य पुन्हा म्हणायची, जसंच्या तसं, फक्त जरा मोठ्यानं.

मीही तेच करीन. तू फक्त थांबून राहा.

माया